वाक्वा काकीची चटई

वाक्वा काकीच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालली होती, बायका अक्षता घेऊन पुढे सरकत होत्या, आणि नवरीची आई मांडवाच्या खांबाला टेकून बाजाराची पिशवी विणत होती. भावजयीने डोळे वटारले, तर म्हणाली, "हातात काम नसलं की रडाया येतंय. रडू का विणू, तूच सांग." जेवणाच्या पंगती उठेपर्यंत पिशवी पुरी झाली आणि तीच घेऊन नवरी सासरी गेली.

वाक्वा म्हणजे आमच्या मॉरिशसमधलं केतकीच्या जातीचं झाड, लांब आणि काटेरी पानांचं. आमच्या सुरिनाम नावाच्या गावात ते कुंपणाकुंपणाला होतं. काकी सकाळी उसाच्या मळ्यात राबायची, दुपारी पानं कापून आणायची, कडेचे काटे काढायची, उन्हात वाळवून पट्ट्या करायची आणि मग विणायला बसायची. काट्यांनी तिच्या बोटांची अशी काही चाळण केली होती की कागदावर अंगठा उठवायची वेळ आली की कारकून वैतागायचा. तिला विचारावं तर म्हणायची, "माझा अंगठा बी विणलेला हाय."

कुणाकडे पाहुणी गेली तरी तिचं लक्ष यजमानांच्या चटईवर. चहा येईपर्यंत ती बसल्या जागी कड उसवायची आणि चहा संपेपर्यंत पुन्हा विणून द्यायची. यजमानीण ओशाळायची. काकीला त्याचं काहीच नसे. स्वतःच्या विणीचं कौतुक मात्र तिने कधी ऐकून घेतलं नाही. कुणी सुरुवात केली की ती उठून चुलीकडे जायची.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नुकतीच शाळेत शिक्षिका झाले होते आणि संध्याकाळी मुलांना मराठी शिकवत होते. मला अंगाखांद्यावर खेळवलेली काकी तेव्हापासून मला 'मिस' म्हणू लागली, आणि ते म्हणताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचं. त्याच वर्षी गावच्या सभागृहात एक पत्रक लागलं. युरोपातल्या एका शहरात विणकामाच्या कलेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. परीक्षक निवड करणार, आणि निवडलेल्या कलाकारांच्या वस्तू मोठ्या दालनात मांडल्या जाणार. मी फॉर्म घेऊन थेट काकीकडे गेले.

तिने नुकतीच एक मोठी चटई पुरी केली होती. हिरव्या पट्ट्या आणि मध्ये मध्ये काळे चौकोन. उसाच्या शेतात आमच्याकडे काळ्या दगडांचे ढीग असतात, तसे. मी फॉर्ममधला प्रश्न वाचला: "या कलाकृतीमागे तुमचा विचार काय?"

"विचार कसला? सिक्लोनचं वादळ यायच्या आत पुरी करायची व्हती."

"आणि नाव काय देऊ हिला?"

"चटई. दुसरं काय? मिस झालीस तरी तुला चटई वळखत नाय?"

विचाराच्या रकान्यात मी माझ्या पदरचं पानभर लिहिलं. तेव्हा मला फ्रेंच फार छान येतं असं माझं मत होतं.

फॉर्म आणि गुंडाळलेली चटई मी टपालाने पाठवली. चार महिन्यांनी पत्र आलं. कुठकुठल्या देशांतल्या नामवंतांच्या बरोबरीने निवडलेल्या कलाकारांत आमच्या काकीचं नाव होतं. गाव नुसतं उधाणलं. मराठी मंडळाने सभागृहात ढोलकी काढली, जाखडीचा फेर धरला, काकीला हार घातला. मंडळाचे अध्यक्ष रडले. मीही रडले. काकी तेवढी हाराच्या फुलांचे देठ मोजून कुठली गाठ सैल आहे ते बघत होती.

मग प्रदर्शनाची छापील पुस्तिका आली. मी तिच्यापुढे पान उघडलं. पांढऱ्या भिंतीवर, दिव्यांच्या झोतात काकीची चटई टांगलेली, पुढे दोरी बांधलेली आणि हात लावू नये अशी पाटी. काकीने पान उलटसुलट फिरवून बघितलं.

"वाळत घातली हाय का?"

"नाही काकी, मानाने लावली आहे."

"उभी? मे, पन माणसं बसणार कशी?" तिचा चेहरा उतरला. "मिस, कागद घे. लिही. चटई खाली घाला, नाय तर परत धाडा."

"पा कापाव, काकी, तसं नाही करता येत. परत मागितलीस तर यादीतून नाव काढतील."

"कापाव, येतंय करता. तू लिही."

अध्यक्ष धावत आले. त्यांनी देशाची, समाजाची, येणाऱ्या पिढ्यांची आण घातली. "काकी, आपलं नाव जाईल." काकी म्हणाली, "नाव जाऊ दे. चटई येऊ दे." ते डोक्याला हात लावून बसले, अर्थात तिच्याच एका चटईवर.

मी फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं आणि लबाडी करून त्याला भरपूर साखर लावली. काकीने ते आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत वाचून दाखवायला सांगितलं. मी 'सी पोसिब', म्हणजे 'शक्य असल्यास', म्हणाले आणि तिने हात वर केला. "सी पोसिब कोण बोललं? मी नाय बोलले." मी ते खोडलं. पुढच्या दोन नम्र विनंत्याही खोडल्या. शेवटी पत्रात दोनच वाक्यं उरली, तिची. खाली अंगठा. टपालात टाकताना मला तिचा इतका राग आला होता की परतताना मी तिच्या घरावरून न जाता लांबच्या वाटेने गेले.

सहा आठवडे गावात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. पत्र मीच लिहिलं ना! काकी मात्र रोज मळ्यात जात होती, पानं आणत होती. मी एकदा विचारलं, नाव गेलं तर वाईट नाही वाटणार? "वाटंल की," ती म्हणाली. "पन भितीवर लटकल्याली बघून रोज वाटतंय, त्याच्यापरीस एकदाच वाटू दे."

उत्तर जाड लिफाफ्यातून आलं. काकीने ते सभागृहात सगळ्यांसमोर फोडायला लावलं. परीक्षक मंडळाच्या प्रमुख बाईंनी स्वतः लिहिलं होतं: पत्र वाचून आम्हाला आमचीच लाज वाटली. चटई त्याच दिवशी उतरवली आणि दालनाच्या मधोमध अंथरली. दोरी काढली. पुरस्कारांची शेवटची चर्चा आम्ही तिच्यावरच बसून केली. प्रदर्शनात दमलेल्या पायांना बसायला तेवढी एकच जागा आहे, आणि ती कधी रिकामी नसते. पुरस्कार दुसऱ्याच कुणाला मिळाला होता. ते वाक्य मी वाचलं तेव्हा कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं, कारण अध्यक्ष बाकावर उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि ढोलकी पुन्हा निघाली होती.

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तो क्षण माझ्यासमोर अजून तसाच आहे. लिफाफ्यात एक फोटो होता: कोटातले दोन म्हातारे, मोत्यांची माळ घातलेली एक बाई, कडेवर मूल घेतलेली एक तरुणी, सगळे बूट काढून, मांडी घालून त्या हिरव्या-काळ्या चटईवर बसलेले आणि काहीतरी बोलत हसत असलेले. अख्खं गाव काकीभोवती गोळा झालं, ती काय म्हणते ते ऐकायला. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"जरा सरकून बसाया पायजे व्हते," ती म्हणाली. "आजून दोघं मावली असती."