दुसऱ्या सहीचे हिवसे काका

हिवसे काकांचा स्वतःच्या हातावर विश्वास नव्हता. गॅसचा सिलिंडर बदलला, की रेग्युलेटर बसवून ते दोन पावलं मागे सरत आणि घरात जो कोणी समोर असेल त्याला म्हणत, "माझं झालं. आता तू पाह." स्कूटरचं चाक काढलं तरी तेच, पंखा टांगला तरी तेच. जबलपूरच्या आमच्या गल्लीतले सगळे लोक अशी कामं त्यांच्याकडूनच करून घेत आणि पाठीमागे त्यांना हसतही. विमानाचा मिस्त्री माणूस, आणि पंख्याचा नट माझ्या आईकडून तपासून घ्यायचा! एकदा आई म्हणालीच, "भाऊजी, तुमचंच चुकलं तर ते मला काय कळणार?"

"जाणकारच चुकते, वहिनी," काका म्हणाले. "ज्याले येत नाही, तो भिऊन भिऊन पाहते. म्हणून तं तुमाले बोलावलं."

ते एका छोट्या सरकारी विमानसेवेत होते. नोकरी नागपूरला, बिऱ्हाड आमच्या शेजारी. माझे वडील फॅक्टरीत. रविवारी दोघं ओट्यावर बसत तेव्हा काका हँगरमधल्या गोष्टी सांगायचे. विमानाला वळवणाऱ्या, वरखाली नेणाऱ्या तारा आणि दांडे असतात. तिथे काम झालं, की करणाऱ्याची एक सही आणि ते काम स्वतः हात लावून पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाची दुसरी. ही दुसरी सही काकांची. पहिला माणूस काय काय केलं ते सांगू लागला, की ते त्याला थांबवत. "मले सांगू नको. सांगितलं, की मी तेच पाहीन जे तू सांगितलं."

मी वकिलीला गेले, तेव्हा घरच्यांपेक्षा जास्त आनंद त्यांना झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'वकीलबाई' करून टाकलं. काही वर्षं मी हायकोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढली आणि मग दिल्लीला एका कंपनीच्या कायदा विभागात लागले. योगायोग असा, की त्याच कंपनीने काकांची विमानसेवा सरकारकडून विकत घेतली. नव्या मालकांनी स्वतःचं हँगर बंद केलं आणि विमानांच्या देखभालीचं काम दक्षिणेतल्या एका कंपनीला कंत्राटाने दिलं. बहुतेक जुने लोक घरी गेले. काकांना मात्र एक वर्षाच्या करारावर ठेवलं. कंत्राटदाराच्या हँगरमध्ये राहायचं आणि आमच्या बाजूने लक्ष ठेवायचं.

रुजू होण्याआधी त्यांनी मला फोन केला. "वकीलबाई, काम तं देऊन टाकलं. आता विमानाचं काही झालं तं जबाबदार कोण? सीधी भाषा में बताना."

मला फार बरं वाटलं. त्यांना शिकवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. मी सांगितलं, "काका, काम देता येतं. खर्च, नुकसानभरपाई, हेही करारात दुसऱ्यावर टाकता येतं. पण विमान उडण्यालायक आहे की नाही, ही जबाबदारी ज्याच्या नावावर उड्डाणाचा परवाना, त्याचीच. कंत्राटदार त्याच्या कामापुरता वेगळा जबाबदार, पण त्यामुळे आपली सुटत नाही. तो काम नीट करतो की नाही, हे आपणच पाहायचं."

"म्हणजे पोराले ट्यूशन लावली, म्हणून बापाले सुट्टी नाही."

"अगदी तसंच."

आठ महिन्यांनी त्यांचा अहवाल माझ्या टेबलावर आला. कंत्राटदाराकडे माणसं कमी होती. दुसरी सही करणारा विमानाजवळ जातच नव्हता. दिवसभराचे कागद चहाच्या टेबलावर एकगठ्ठा येत आणि तो खाली सह्या करी. काकांनी कोणत्या दिवशी, कोणत्या विमानाचं काय, ते सगळं लिहिलं होतं. ही विमानं थांबवून पुन्हा तपासावीत, अशी शेवटी विनंती होती.

विमानं थांबवणं कोणालाच नको होतं. साहेबांनी मला बोलावून उत्तर कसं हवं ते सांगितलं. करारातल्या अमुक कलमाप्रमाणे तपासणी हे कंत्राटदाराचं काम आहे, सबब कंपनीला याबाबत काही करायचं नाही. मी ते चांगल्या इंग्रजीत लिहिलं आणि खाली सही केली. करार तसंच म्हणत होता. कायदा तसं म्हणत नव्हता, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं. मी अजून कायम झाले नव्हते. मला भीती वाटली, बाकी कारण काही नाही.

वर्ष संपलं आणि काकांचा करार वाढवला गेला नाही. एकही विमान पडलं नाही, हेही सांगायला हवं. सगळी उडाली, उतरली, लोक बॅगा घेऊन घरी गेले. त्यामुळे काकांचं खरं होतं असं म्हणायला कोणापाशी काही उरलं नाही. गल्लीत लोक एवढंच म्हणाले, "हिवसे जी की किसी से नहीं बनती."

मधे जबलपूरच्याच रिछाई भागातल्या एका छोट्या कारखान्यात ते माल तपासायला जाऊ लागले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बोल्टची अख्खी पेटी परत पाठवली. मालकाने हात जोडले, "हिवसे जी, हमारे बोल्ट आसमान में नहीं जाते, कूलर में लगते हैं." काका म्हणाले, "कूलर के पास भी आदमी ही सोता है, भैया." तेही काम सुटलं.

त्या दिवाळीत मी घरी गेले होते. काका पाडव्याला आले आणि माझ्या हातात एक पाकीट दिलं. न पाहता केलेल्या त्या सह्यांबद्दल, विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला लिहिलेला तीन पानी अर्ज. हिंदीत, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही.

"माझं झालं. आता तू पाह," ते म्हणाले. "हँगरचं मले समजते. कायद्याचं बरोबर लिहिलं का, तेवढं पाहून दे. तुझी सही नको, नावही नको. मग मी पाठवतो."

मी खोलीत जाऊन पाकीट उघडलं. अर्जामागे एक कागद टाचला होता. माझंच इंग्रजी पत्र, खाली माझीच सही. त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. बाहेर येऊन मी म्हणाले, "पाहते काका." दिल्लीला गेल्यावर ते पाकीट कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं.

रविवारी कधीमधी त्यांचा फोन येई. आईची तब्येत, दिल्लीची थंडी, कमानिया गेटला आता गाडी लावायलाही जागा कशी नाही, सगळं बोलत. अर्जाचं मात्र मीच काढायचे, अपराध्यासारखी. "राहून गेलं, काका. पाहते."

"चलो, घाई नाही, बेटा. नीट पाह. न पाहता हो म्हणू नको, बस."

हे ते मला टोचून बोलत नव्हते. त्यांना टोचून बोलता येतच नसे. माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांना दोन दिवसांत कळला असता. माझ्याबद्दल तो त्यांच्या मनात आला नाही, किंवा आलेला त्यांनी येऊ दिला नाही.

पुढची दिवाळीही गेली आणि पौषात, कडाक्याच्या थंडीत, ते हृदयविकाराने गेले. मला पोहोचायला दोन दिवस लागले. काकू आतल्या खोलीत बसल्या होत्या. मला जवळ बसवून त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तुझी लय आठवण करत होते," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होती, ओमतीले तो दुसरा वकील आहे, त्याले दाखवा. तं म्हणे, नाही. शुभाले दिलं आहे, ती पाहून राहिली. मधातच काढून घेतलं तं पोरीले वाईट वाटन." मग त्यांनी विचारलं, "झालं होतं का गं तुझं पाहून?"

मी हो म्हणू शकले असते. तपासायला आता कोणी नव्हतं.

"नाही, काकू. मी पाहिलंच नाही. मला पाहायचंच नव्हतं."

त्यांनी हात सोडला नाही. रागावल्याही नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "मग नाही म्हणून सांगायचं होतं न, बेटा. त्यायनं काही म्हटलं नसतं. दुसऱ्याकडून करून घेतलं असतं."

खरंच त्यांनी काही म्हटलं नसतं. नाही म्हणायला मला एक मिनिट लागलं असतं. मी त्यांचे चौदा महिने घेतले, आणि ते त्यांचे शेवटचे होते.