माईकवरचा हात

उदगीरात मला येडा बनवणारा अजून जन्मला न्हाई. केस उगवायच्या तेलाच्या तीन बाटल्या मी माझ्याच अकलेनं घेतल्या, अन् वरून टोपीबी.

तेल विकलं ते रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या माणसानं. मला वाचता येत न्हाई, म्हून त्याचा आवाज हाच माझा पेपर. गडी तोंडात ज्येष्ठमध धरून बोलतो. हाटेलात चहा मागतानाबी म्हणतो, "एक चहा, फक्त आजच्या दिवसापुरता!"

परवा बाजारात त्याचा भोंगा वरडत होता, "साखर मुळापासून साफ! गोळ्या फेका, पावडर घ्या!" माझ्या बायकोला साखरेचा आजार हाय. तिच्या गोळ्या संपल्या, त्याच आणायला मी निघालो होतो.

"दे पावडर," म्हणलं, "आजपासून गोळ्या बंद."

त्यानं डबा दिला न्हाई. माईकवर हात दाबला. भोंगा गप झाला तशी समोर खुर्चीत बसलेल्या, ह्यो माल विकायला देणाऱ्या मालकानं मान वर केली.

"काय झालं रे?"

"वायर हाय मालक, बघायलो."

माईकवरचा हात त्यानं काढला न्हाई. मग माझ्याकडं न बघता बारीक, घोगऱ्या आवाजात बोलला. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"मामा, गोळ्या घ्या अन् घरी जावा. तीन बाटल्यांत तुमाला एक केस उगवला न्हाई, आता मामीवर कशाला करून बघता?"