अमेरिका आमच्या हद्दीत येत नाही

नेट कॅफेच्या काउंटरवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. की-बोर्डात मळ साठतो तसे ते आपोआप साठतात, आणि उलटा करून आपटला तरी सगळे बाहेर पडत नाहीत. शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझ्या मामाचा कॅफे होता. मामाला कॉम्प्युटरमधलं फक्त बंद करायचं बटण ठाऊक. मी बी.सी.एस. झालेली, म्हणून काउंटरवर मी. मैत्रिणी जमल्या की अजूनही म्हणतात, "वर्षा, ते पोलिसांचं सांग ना!" सांगते. पण हसायचं कुठं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

* * *

आमच्याकडे प्रत्येक कॉम्प्युटरभोवती प्लायवुडचं केबिन होतं. एक दिवस हवालदार आले. वरून आदेश आलाय म्हणाले. केबिन काढा, स्क्रीन रस्त्याकडे वळवा, येईल त्याचं ओळखपत्र बघा.

मामानं त्याच दुपारी सुतार बोलावला. "सरकारला सगळं दिसाय पायजे," म्हणाला. जणू सरकार समोर एसटीची वाट बघत उभंच होतं!

समोर उभे असायचे प्रवासी. गाडी लेट झाली की काचेला नाक लावायचे. एखादा मुलगा नोकरीचा अर्ज टाइप करत असला की मागून सल्ला यायचा, "अनुभव तीन वर्सं लिही, कोण बघतंय!" एक बाई दुबईतल्या नवऱ्याशी कॅमेऱ्यावर बोलताना रडत होती. काचेपलीकडून एका आजोबांनी धीर दिला, "रडू नगं पोरी, येत्याल ते!"

ती उठून गेली, ती परत आलीच नाही.

सरकार सोडून सगळ्यांना सगळं दिसायला लागलं.

* * *

सारिका निमोण्याची. टी.वाय.बी.ए.ला, रोज एसटीनं कॉलेजला येणारी. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. भूगोलात वर्गात सगळ्यांच्या पुढं.

गॅदरिंगला ती नाचली. त्या नाचाचा फोटो कुणीतरी एका साइटवर टाकला. तिच्या नावानं पान उघडलं, खाली तिनं कधी उच्चारलेही नसते असे शब्द लिहिले, आणि शेवटी घरचा मोबाईल नंबर.

घरात मोबाईल एकच. तो वडिलांच्या शर्टाच्या खिशात.

त्यामुळे फोन आले ते महादूकाकांना, कांद्याला पाणी देताना. पहिल्यानं विचारलं, "सारिका आहे का?" काका सरळ माणूस. म्हणाले, "कॉलेजला गेलीय. काय निरोप द्यायचा?"

पलीकडच्यानं निरोप सांगितला.

काकांनी घरी येऊन एवढंच म्हटलं, "दिवाळीपतूर ते पान गेलं, तर कॉलेज. न्हाई गेलं, तर लगीन."

सारिका वडिलांना म्हणाली, "दादा, पान ज्यानं केलं त्याला शोधा की."

"त्याला शोधून काय करू? त्याचं थोडंच लगीन जमवायचंय?"

* * *

सारिका कॅफेत माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी पोलीस स्टेशनला गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, लिहायलाही सुरुवात केली.

"ही साइट कुठली म्हणायची?"

"कंपनी अमेरिकेतली आहे."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "अमेरिका आमच्या हद्दीत येत न्हाई."

मी म्हटलं, "मग आमची केबिनं काढली तेव्हा इंटरनेट तुमच्या हद्दीत होतं का?"

"मॅडम लई शिकलेल्या दिसत्यात!" आमच्याकडे तोंडावर शिवी द्यायची नसली की असं म्हणतात.

मी हटले नाही. दुसऱ्या दिवशी हवालदार पंचनाम्याला आले. पंचनामा म्हटलं की पंच हवेत. त्यांनी स्टँडवरून चहावाला आणि गाडीची वाट बघणारे एक आबा धरून आणले. दोघांना खुर्च्या दिल्या, समोर सारिकाचं पान. आबांनी चष्मा पुसला. "जरा मोठं करा की, बारीक दिसतंय."

हवालदार मोठ्यानं म्हणत म्हणत लिहू लागले, "सदर मुलगी रंगाने गोरी, अंगाने सडपातळ..." केबिनं नव्हतीच. काचेबाहेर निम्मा स्टँड जमला. ज्यांना ते पान ठाऊकही नव्हतं त्यांनी पत्ता नीट लिहून घेतला. सारिका माझ्या काउंटरखाली बसून होती. हो, खाली, फरशीवर.

मग मुद्देमाल. हवालदारांनी नुसता मॉनिटर उचलला, फडक्यात बांधला, वर लाखेचं सील मारलं. "पान यातच हाय ना?"

मी शेजारच्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडून दाखवलं.

हवालदारांनी एकदा सीलकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे. "हितंबी हाय? आयला, ह्या पोरीनं पानं केली तरी किती!"

* * *

मग एक दिवस सारिका पेपर नाचवत आली. देशाच्या सुरक्षेसाठी सरकारनं काही साइट बंद केल्याची बातमी होती. "वर्षाताई, आपलंबी पान गेलं असणार बघा!"

उघडलं. पान होतं. खाली आणखी चार जणांनी लिहिलेलं होतं.

गेलं होतं ते कासुर्डीच्या गुरुजींचं पान. गुरुजी रिटायर्ड. एका फुकट साइटवर मराठीत मेंढपाळांसाठी लिहायचे: पावसाळ्याआधी कोणती लस द्यायची, खुरं सडली तर काय लावायचं. घाबरेघुबरे होऊन आले. "माझं काय चुकलं?"

मी समजावलं. सरकारनं कुणाची तरी दोन-चार घरं पाडायला सांगितली आणि इंटरनेट पुरवणाऱ्या मधल्या लोकांनी अख्खी गल्ली पाडली, त्यात तुमचंही घर गेलं.

गुरुजी खुर्चीत टेकले. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस. सरकार चुकेल हे त्यांच्या डोक्यात शिरेचना. जाताना दारातून वळून दबक्या आवाजात म्हणाले, "जंतनाशकाचा डोस जरा जास्त लिहिला होता. त्यानं असेल का?"

* * *

निमोण्यात वाद मिटवायला समिती होती आणि समितीचे अध्यक्ष आप्पा. देवळापुढच्या सभामंडपात बैठक भरली. मलाही बोलावलं, कारण इंग्रजी कुणाला येत नव्हतं. सारिकाला बोलावलं नाही. तिचं तिथं काय काम!

आप्पांनी ठराव मांडले. ठराव क्रमांक एक: गावातली कोणतीही मुलगी इंटरनेटला हात लावणार नाही. ठराव क्रमांक दोन: अमेरिकेच्या कंपनीनं सदर पान तात्काळ काढून टाकावं. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, खाली गोल शिक्का.

मी दुसऱ्या ठरावाचं इंग्रजी केलं, शिक्क्यासकट स्कॅन करून पाठवला. अनुमोदकाचं नावसुद्धा गाळलं नाही.

कंपनीचं उत्तर आलं. आमचे नियम साऱ्या जगाला सारखे आहेत. फोटोत मुलगी पूर्ण कपड्यांत आहे, त्यामुळे नियम मोडलेला नाही. फोटोतल्या व्यक्तीलाच हरकत असेल तर तिनं स्वतः खातं उघडून, ओळखपत्र जोडून तक्रार करावी. दुसऱ्या कुणाची तक्रार चालणार नाही.

आप्पांना वाचून दाखवलं. त्यांचे कान लाल झाले. "म्हंजी गावाच्या ठरावाला काडीची किंमत न्हाई?"

"नाही. सारिकाला अर्धा तास कॉम्प्युटरवर बसू द्या, पान जाईल."

"असं कसं बसू द्या?" आप्पा म्हणाले. "ठराव क्रमांक एक हाय ना!"

मी महादूकाकांकडे बघितलं. ते सतरंजीचा दोरा उसवत होते.

त्या बैठकीपासून सारिकाला शिरूरला येऊ दिलं नाही. दिवाळी आली आणि गेली.

* * *

लग्न ठरलं दौंडला. मुलाकडच्यांनी एकच अट घातली: ते पान हळदीच्या आधी गेलं पाहिजे.

पोरीच्या कॉलेजसाठी जी समिती जागची हलली नव्हती, ती पाहुण्यांच्या एका वाक्यावर जीप करून शिरूरला आली! सारिकाला खास बाब म्हणून परवानगी. वेळ अर्धा तास, वडीलधाऱ्यांच्या समक्ष.

सारिका बसली. मागं आप्पा, त्यांच्यामागं समिती, सगळ्यात मागं दाराशी महादूकाका. खातं उघडताना पासवर्डची वेळ आली. आप्पांनी कुठून तरी ऐकलं होतं, की खरी किल्ली तीच.

"पासवर्ड समितीला कळाय पायजे. नुसतं ठिपकंच दिसत्यात. काय टाकलंस?"

सारिकानं मान वर केली नाही. "तुमचंच नाव ठेवलंय, आप्पा."

आप्पांनी समितीकडे वळून बघितलं. "ह्याला म्हणत्यात संस्कार!"

मग ती तक्रार लिहायला लागली. आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, मला येत होतं. एका खिडकीत ती कंपनीला लिहीत होती. दुसऱ्या खिडकीत, त्याच खात्याच्या ई-मेलवरून, भूगोलाच्या मॅडमना: लग्न होऊन दौंडला जातेय, तिथून बाहेरून परीक्षेला बसता येईल का, उत्तर फक्त याच पत्त्यावर पाठवा, घरी फोन करू नका.

"लई लांबलचक तक्रार हाय," आप्पा म्हणाले.

"अमेरिकेला सगळं सविस्तर लागतं, आप्पा," मी म्हटलं.

हळदीच्या आधी पान गेलं. लग्नात आप्पांचा फेटा बांधून सत्कार झाला. अमेरिकेला नमवलं म्हणून!

लग्नानंतर काही दिवसांनी आप्पा महादूकाकांना घेऊन कॅफेत हजर. "ते खातं बंद कर. पोरगी नांदायला गेली, आता उघडं ठिवून काय करायचंय?"

मॅडमचं उत्तर त्याच खात्यात येणार होतं. आलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मला नाही जमत. आप्पांनी मामाकडे बघितलं. मामा लगेच खुर्चीत बसला आणि एका बोटानं आप्पांचं नाव टाइप केलं.

उघडलं नाही.

"आडनाव घाल." घातलं. "वडलांचं नाव घाल." तेही घातलं. मामाला घाम फुटला. आप्पा माझ्याकडे बघायला लागले.

शेवटी महादूकाकांच्या मोबाईलवरून दौंडला फोन लावला, स्पीकर चालू करून. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"पोरी, आप्पा बोलतोय. ते खातं उघडंना बघ. काय नाव ठिवलंवतंस?"

"तुमचंच, आप्पा."

"टाकलं की! न्हाई उघडत."

"परत टाका."

मामानं परत टाकलं. "न्हाई गं पोरी, न्हाई उघडत!"

भांड्यांचा आवाज थांबला.

"टाकत राहा, आप्पा," सारिका म्हणाली. "तुमचंच नाव आहे."