बिनभात्याची पेटी

लाखनीला हायवेवर माझ्या नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नसराईत तो आणि त्याचे तीन मित्र ऑर्केस्ट्रा करायचे. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा त्याने नागपूरहून एक जुना डिजिटल सिंथेसायझर, म्हणजे विजेवरची पेटी, आणला. घरात बाळ आलं असतं तरी एवढं कौतुक झालं नसतं. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून माझा चांगला टॉवेल गेला.

त्यात बासरी होती, व्हायोलिन होतं. शहनाई नव्हती, म्हणून एका परदेशी नळीच्या आवाजालाच त्याने शहनाई ठरवलं. मात्र बोट हळू ठेवा की गुद्दा घाला, आवाज तेवढाच. तो बासरी वाजवायला बसला की सासूबाई विचारायच्या, "कोणता ट्रक आला रे?"

मी कोंढ्याची. माहेरी बाबांच्या भजनात बसून गाणारी. एक दिवस राहवलं नाही.

"अजी, हा बासरीवाला श्वास कवा घेते?"

"मशीन हाय ते. मशीनले श्वास कायले लागते?"

"मंग बासरी कायले म्हणता? भोंगा म्हणा."

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी तो मधेमधे बोट उचलून वाजवायला लागला, आणि बासरी एकदम माणसात आली. मग मलाही चेव चढला. पेटीच्या डाव्या अंगाला एक चाक होतं, ते फिरवलं की सूर वरखाली सरकायचा. मी म्हटलं, माणूस सुरावर उडी मारून बसत नाही, खालून थोडा चढत येतो. तसंच, सूर लागल्याबरोबर थरथरवू नका, आधी सरळ उभा राहू द्या, मग हलवा. लगेच थरथरला तर तो गात नाही, त्याला हिवताप आलाय.

पण त्याचे दोन्ही हात सुरांवर. चाक फिरवणार कोण? आवाज लहानमोठा करायचं बटण सरकवणार कोण? शेवटी मीच डावीकडे खुर्ची टाकली.

एकोडीच्या एका लग्नात आम्ही पहिल्यांदा असे जोडीने बसलो. मांडवात कोणीतरी विचारलंच, "बाईले कायले बसवलं बाज्यावर?"

नवरा म्हणाला, "पेटीले भाता मारायले कोणी लागते ना? तसंच."

भाता! मी आतून पेटले. जेवणं आटोपली, दुपार कलली आणि नवरीची बिदाई निघाली. नवऱ्याने शहनाई धरली. मी रागाने प्रत्येक सूर शेवटी पार खाली ओढला आणि आवाज विझत नेला. त्या शहनाईने जो गळा काढला! नवरी तोवर मैत्रिणींशी खिदळत होती. ती आईच्या गळ्यात पडली. तिच्यापाठोपाठ मावशा, मग नवरदेवाचा काका, मग जीपचा ड्रायव्हर. मला लाज वाटायला हवी होती. मला भारी गंमत वाटत होती.

नवरीचा बाप हात जोडून आला. "बाई, बंद करा बाप्पा. पोट्टी जीपमध्ये चढून नाही राहिली."

घाबरून नवऱ्याने आवाज बंद करायला बटण दाबलं, ते निघालं तालाचं. मांडवात धडाधड डिस्को सुरू झाला. रडता रडता नवरीला हसू फुटलं. त्या हसण्यातच तिच्या भावांनी तिला उचलून जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरने डोळे पुसत गाडी काढली.

परतताना बसमध्ये पेटी आमच्या दोघांच्या मांडीवर होती.

"एवढं कायले ओढलं तू ते चाक?"

"राग आला होता तुमचा."

त्याने पेटीवरचा टॉवेल सारखा केला. मग म्हणाला, "पवनीले लग्न हाय पुढच्या आठवड्यात. तवाही येऊ दे."

पवनीला जायच्या दिवशी मात्र तो सकाळपासून माझ्याशी इतका गोड वागला, की ऐन बिदाईला मला राग येईचना. शहनाई सपक वाजली. नवरी कोरड्या डोळ्यांनी गेली, आणि जीप वेळेवर सुटली म्हणून वरपक्षाने आमचं फार कौतुक केलं.