पवनारच्या जुळ्यांचं रक्त

हे किस्से मला खरंच आठवतात की मीच रचत गेलो, खात्री देववत नाही. लॅबमध्ये किस्से फ्रीझरमधल्या बर्फासारखे साचतात; खरवडायला गेलं की कुठला थर कधीचा, कळत नाही. साल दोन हजारनंतरची वर्षं, आमची वर्ध्याची लॅब आणि रक्त द्यायला येणारी म्हातारी माणसं, एवढं नक्की.

रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडीचे जीन्स रक्तात नाना तऱ्हांनी जुळतात. त्याचे आम्ही आलेख काढायचो. तरुणांचे आलेख एकसारखे, गोल टेकड्यांचे. म्हाताऱ्यांचा प्रत्येकाचा निराळा. कुठे सुळका, कुठे दरी. वयाबरोबर माणसं रक्तातही एकमेकांपासून लांब जातात, एवढंच मला दाखवायचं होतं.

*

पिपरी मेघेच्या एका आजींना हे समजावलं.

"म्हंजे जल्मभराचं दुखणं रक्तात दिसते?"

"थोडंफार."

"मंग माह्या सुनेले दाखवू नका!"

*

आमची टेक्निशियन वैशाली मागेच लागली. "सर, तुमी काऊन रक्त देत नाई?"

दिलं. आलेखात दोनच सुळके निघाले. तिने तो बराच वेळ पाहिला. "सर, दोनच दात उरले. कवळी बसवा!"

ती दुपार मी खिडकीतून निंबाची हलती सावली बघत काढली.

*

पवनारचे बाजीराव आणि सदाशिव, सत्तरीचे जुळे भाऊ. चेहरे हुबेहूब, पण आयुष्यं वेगळी. बाजीराव शेतात, सदाशिव बोरगाव मेघेला किराणा दुकानात. यांचेही आलेख वेगळे निघाले, की माझं म्हणणं पक्कं! सकाळी बाजीराव रक्त देऊन गेले. दुपारी टोपी घातलेले सदाशिव आले.

आलेख निघाले. सुळक्याला सुळका, दरीला दरी!

वैशाली खूश. "जुळेच हायेत ना, सर!"

मी दोन्ही आलेख पुन्हा एकावर एक ठेवून पाहिले. नमुने मिसळले? की इतकी वर्षं मी धुक्यालाच टेकड्या म्हणत होतो? लिहून तयार असलेला पेपर मी पाठवलाच नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका सकाळी धाम नदीच्या काठी बाजीराव भेटले. पाण्यावरून वाफ तरंगत होती. भीतभीतच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही दोघंही आला होतात ना?"

"सदा सुईले लय भेते, साहेब. त्याच्या नावानं मीच आलतो."

मी कपाळावर हात मारला. त्यांना वाटलं, मी रागावलो. त्यांनी घाईघाईने दोन्ही बाह्या वर सारल्या.

"लबाडी नाई केली, साहेब! माह्यासाठी डावा हात देल्ला, सदासाठी उजवा!"