थंड इंजिन दाखवा!

जुनी मशीन घ्यायला निघालं की मशीन मिळो न मिळो, किस्सा फुकट मिळतो! आमच्या बचत गटाकडे असे पोतंभर जमलेत.

आम्ही सहा जणी, कुरखेड्याकडच्या. गावात धानमिल एकच, वामनभाऊची. बायकांचा धान तो सगळ्यात शेवटी भरडायचा, वरून कोंडाही ठेवून घ्यायचा. मी बोलले, तर म्हणतो, "जमत नसन त आपली मिल टाका!"

"टाकतो!" म्हटलं. नव्याची ऐपत नव्हती, म्हणून जुनी शोधायला निघालो. धान कापायच्या आत मिल उभी झाली नाही, तर पुन्हा त्याच्याच दारात बसायचं होतं.

*

पहिला डीलर चंद्रपूरचा. आमच्या सहा जणींच्या मागे कोणी येतंय का ते बघत म्हणाला, "माणूस कुठी हाय?"

"घरी भात शिजवून राह्यला. तुमी मशीन दाखवा!"

दाखवली. हिरवीगार. आमच्यातली पार्बता टेकून आत वाकली, तर तिचं अर्धं लुगडं हिरवं!

"काल रंगवली का जी?"

"नाई बाई, कंपनीचा कलर हाय."

"मंग कंपनी आज सकाळीच येऊन गेली का?"

तरी जाता जाता ओरडलाच, "पुढच्या वेळी माणूस आणा!"

*

आरमोरीच्या डीलरनं मशीन चालवून दाखवली. तांदूळ असा अख्खा, की प्रमिला टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, थांब. तो धान त्याच्या घरचा होता, चाळून वाळवलेला. आम्ही आपला धान एसटीनं सोबत नेला होता. तो ओतला, तर खाली नुसती कणी!

डीलर म्हणतो, "तुमचा धानच खराब हाय."

"हाय ना! पन आमाले आमचाच भरडाचा हाय, तुमचा नाई!"

*

गडचिरोलीत तर फसलोच होतो. डिझेल इंजिन एका हँडलमध्ये सुरू! डीलरनं बंद केलं, अन पेढे मागवायला निघाला. पेढे कशाला एवढ्या लवकर? मला शंका आली. घासलेलं इंजिनही आधी गरम करून ठेवलं, तर एका हँडलमध्ये उठतं.

"एकडाव अजून चालू करा. पन थंड झाल्यावर."

"थंडच होतं बाई! आत्ताच त दुकान उघडलं."

"मंग तुमी हँडल मारायच्या आधी मी हात लावला, तवा गरम कसं लागलं?"

"उन्हानं."

"टिनाच्या शेडात ऊन कुठून आलं?"

आम्ही शिदोरी सोडली अन बसलो. त्यानं दोनदा चहा विचारला. एकदा दुकान बंद करायचं आहे म्हणाला. आम्ही हललो नाही. तीन वाजता त्यानं हँडल मारलं. एकदा, पाचदा, दहादा. इंजिन नुसतं खोकलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

पार्बता उठली. "आता तुमाले हात लावून पाहू का जी? इंजिनापेक्षा तुमीच गरम दिसता!"

*

शेवटी ब्रह्मपुरीत जमलं. इंजिन दगडासारखं थंड, धान आमचा, तांदूळ अख्खा. डीलर म्हातारा होता, भला होता. फक्त एवढंच म्हणाला, "चालवन कोन?"

प्रमिलानं पदर खोचला अन दुसऱ्या हँडलला इंजिन सुरू केलं. म्हातारा बाजूला सरकला.

धान कापायला आठ दिवस होते.

*

औंदा वामनभाऊचं इंजिन बसलं. सकाळी आमच्या मिलवर आला. बायका धान घेऊन बसल्या होत्या.

"शेवंताबाई, चंद्रपूरले इंजिन पाहाले जाऊन राह्यलो. मले त्यातलं काई समजत नाई. तुमी चालता का?"

"चालतो. पन आधी या सगळ्याइचा धान भरडू द्या. तुमी शेवटी."

बसला बिचारा पोत्यावर. कोणी त्याला चहाही विचारला नाही. शेवटची टोपली निघाली, तेव्हा निघालो.

चंद्रपूरचा डीलर तोच. दुकानही तेच. मला बघितलं, अन रंगाचा डबा पायानं मागे सरकवला. मग वामनभाऊकडे बघून विचारतो, "हे कोन?"

मी म्हटलं, "तुमी सांगतलं होतं ना, पुढच्या वेळी माणूस आणा? आणला! आता इंजिन दाखवा. थंड!"