चमच्यांची चौकट

सुमनकाकू कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ती उलटी करून बघत. कप असो, चप्पल असो, नाहीतर कुणाचा मोबाइल. सरळ बाजूने वस्तू काय आहे ते सगळ्यांनाच दिसतं, उलटी केली की ती आणखी काय होऊ शकते ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या इमारतीच्या फुटपाथवर वाकून एक किसणी उलटी करून बघत होत्या. इकडे नेदरलँड्समध्ये लोक नको असलेल्या वस्तू खोक्यात घालून दाराबाहेर ठेवतात आणि वर फुकट न्या म्हणून चिठ्ठी लावतात. तसल्या एका खोक्यातली ती चौकोनी, उभी किसणी होती.

मी मान खाली घालून पुढे निघाले होते. ओळख नसलेल्या माणसाशी बोलायचं मी टाळतेच. पण काकूंनी मला माझ्या कुडत्यावरून ओळखलं असावं.

"ए पोरी, मराठी का? बघ की जरा, काय लिहिलंय यावर? पैसे मागतायत का?"

"फुकट आहे," मी म्हटलं.

"मग बघत काय बसलीस? ते पितळी हँडलपण घे."

बेस्ट नावाच्या त्या गावात मी दुसऱ्या मजल्यावर एकटी राहत होते आणि तळमजल्यावर काकूंचा मुलगा अमोल आणि त्याची बायको. दोघंही माझ्यासारखेच इंजिनियर. काकू इचलकरंजीहून तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि आल्यावर थोड्याच दिवसांत करोनामुळे सगळं बंद झालं. मुलगा-सून आपापल्या खोलीचं दार लावून दिवसभर मीटिंगमध्ये. काकूंच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि मागची बाग. शाळेत त्यांनी आयुष्यभर कार्यानुभव शिकवला होता, त्यामुळे हात रिकामे राहिले की त्यांना चैन पडत नसे. मी इंग्रजी शाळेतली. कार्यानुभव म्हणजे काय तेही मला माहीत नव्हतं. हे कळल्यापासून माझं नाव पडलं, इंग्लिश मिडियम.

त्या फुकटच्या किसणीचं त्यांनी काय केलं ते मला दोन दिवसांनी कळलं. मी कशाला तरी खाली गेले होते आणि बोलता बोलता माझ्या कानातलं डूल सापडत नसल्याचं तोंडून गेलं. काकू सरळ वर आल्या. माझे सगळे झुमके, साखळ्या, कॉलेजात घेतलेले ऑक्सिडाइजचे हार एका मोज्यात कोंबलेले होते. काकूंनी मोजा उलटा केला. पलंगावर एकच मोठी गाठ पडली.

"हे काय गं? हे दागिने आहेत का उंदराचं बीळ?"

सगळी दुपार त्यांनी सुई घेऊन ती गाठ सोडवली. मग खालून किसणी आणली. तिला पांढरा रंग दिला होता, खाली पितळी हँडलचा पाया. किसणीच्या भोकांत एकेक झुमका अडकवत गेल्या. चारही बाजूंना कानातली. मी ती खिडकीत ठेवली. त्या वर्षी मी कुठेच जात नव्हते, तरी रोज सकाळी मीटिंगच्या आधी एक जोडी निवडून घालू लागले. स्क्रीनवर कुणाला दिसत नसे. मला बरं वाटे.

"डब्यात ठेवलेला दागिना विसरला जातो," काकू म्हणायच्या. "भिंतीवर असला की जाता-येता हात जातोच. हात गेला की घातला जातो. एवढंच आहे बघ."

दुकानं उघडली तशा आम्ही सायकलवरून क्रिंगलोपला जाऊ लागलो. म्हणजे मी सायकलवर आणि त्या चालत. मी हळूहळू त्यांच्या बाजूने पायडल मारायची. क्रिंगलोप म्हणजे जुन्या वस्तूंचं दुकान. मेलेल्या आज्यांची भांडी, लेसचे पडदे, बिनकाट्यांची घड्याळं. तिथल्या म्हाताऱ्या स्वयंसेवक बाईशी काकू बिनदिक्कत मराठीत बोलत आणि ती डचमध्ये उत्तर देई. दोघी दीड मीटरवर उभ्या राहून एकमेकींना वस्तूंचे तळ दाखवत. मला डच येत असून मी गप्प उभी असे.

बागेच्या दाताळ्याचं डोकं काढून त्याला माळा लटकवायच्या, चमच्या-काट्यांच्या ट्रेमध्ये अंगठ्या, लाकडी मग-स्टँडवर बांगड्या. अमोलच्या बायकोला एक, तिच्या मैत्रिणीला एक, असं वाटत वाटत काकूंचा हात बसत होता. हे सगळं सरावाचं होतं, हे मला पुढे कळलं. खरी चौकट दुसऱ्याच कुणासाठी होती.

काकूंची मुलगी मृणाल द हेगला होती. तिने दोन वर्षांपूर्वी यान नावाच्या डच मुलाशी लग्न केलं, नगरपालिकेत जाऊन, सह्या करून. आईला कळवलं ते फोटो पाठवून. काकूंचा राग जावयावर नव्हता. "पोरगा चांगला आहे की. भांडी घासतो म्हणे." राग फोटोवर होता. फोटोत मृणालने सुंदर निळा झगा घातला होता आणि गळ्यात काहीही नव्हतं.

"लग्नाच्या दिवशी गळा मोकळा," त्या मला म्हणाल्या. "माझ्या पोरीचा. मी काय तिला काही दिलं नसतं का?"

तेव्हापासून मायलेकींचं बोलणं तुटक झालं होतं. काकू इकडे आल्या होत्या त्याच कामाला. चटणीच्या स्टीलच्या डब्यात, गुलाबी कागदाच्या पुड्यांत मृणालचे दागिने होते: ठुशी, बोरमाळ, चिंचपेटी, मोत्याच्या कुड्या, पाटल्या. काही त्यांच्या आईचे, काही त्यांनी पगारातून एकेक करून केलेले. आल्या आठवड्यात द हेगला जाऊन लेकीच्या गळ्यात घालायचे, असं ठरलेलं. तेवढ्यात सगळं बंद झालं आणि मग कळलं की मृणालला दिवस गेलेत. डॉक्टरने तिला कुणाला घरात घेऊ नको म्हणून सांगितलं. काकूंनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी क्रिंगलोपमधून एक भली मोठी लाकडी फ्रेम आणली.

फ्रेममध्ये गायी चरत असलेलं चित्र होतं. ते काढून काकूंनी मागे लेसचा जुना पडदा ताणून बसवला. कुड्यांचे फिरके त्याच्या जाळीतून मागे घट्ट बसत. आकडे मात्र त्यांच्या मनासारखे मिळेनात. मग एकदा दुकानात त्यांना छोटे चमचे दिसले. प्रवासाला गेल्यावर आठवण म्हणून आणतात तसले, टोकाला गावांची चिन्हं असलेले. काकूंनी ते लाटण्याभोवती वाकवले. चमच्याचा खोलगट भाग हातोडीने चपटा करायचा, त्याला अमोलच्या ड्रिलने भोक पाडायचं आणि फ्रेमला स्क्रूने बसवायचं. दांडा वर वळून आकडा होतो.

"एका दागिन्याला एक चमचा. गर्दी झाली की गुंता होतो."

प्रत्येक चमचा बसवण्याआधी त्या डबा उघडत, दागिना लावून बघत, पुन्हा गुलाबी कागदात ठेवत. मी फ्रेम धरून उभी असे. सगळं झाल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी आणखी एक चमचा लावला.

"हा कशाला? दागिने संपले की."

"माझे संपले. तिचं तिनं काही घ्यायला नको होय? हा तिचा."

जुलैत मृणालने कळवलं, बागेत भेटूया, उघड्यावर. अमोलने गाडी काढली. मला काकूंनी फ्रेम मांडीवर धरायला बरोबर घेतलं. "तू नीट धरतेस. हा मेला ब्रेक मारतो." डबा त्यांच्या पर्समध्ये होता. त्या इरकली नेसल्या होत्या आणि वाटभर पर्सची चेन उघडून आत हात घालून बघत होत्या.

मृणाल बाकाजवळ उभी होती. पोट चांगलंच दिसत होतं. यान थोडा मागे सायकल धरून. काकू गाडीतून उतरून जवळजवळ धावतच निघाल्या आणि अमोल ओरडला, "आई, लांब!" काकू थांबल्या. मायलेकी बाकाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"जाड झालीस," काकू म्हणाल्या.

"व्हायलाच पाहिजे ना," मृणाल हसली आणि रडायला लागली.

मी फ्रेम बाकावर ठेवून मागे आले. मृणालने पुढे होऊन ती उचलली आणि पहिल्यांदा काय केलं, तर उलटी केली. मागचे स्क्रू, ताणलेला पडदा, सगळं बघितलं. मला हसू आलं. काकूंनाही दिसलं असणार, कारण त्यांचा पर्सवरचा हात निघाला.

"आई, आणलेस का गं दागिने?"

"आणलेत की."

"दे ना. बाकावर ठेव. मी घेते आणि लगेच घालते, तुझ्यासमोर."

काकूंनी डबा बाहेर काढला. बाकाकडे बघितलं, मग लेकीकडे. मग डबा पोटाशी धरला.

"असं नाही द्यायचं मला. बाकावर टाकायचं आणि मागं सरायचं? कुत्र्याला भाकरी टाकल्यासारखं? लग्नात नाही तर नाही, पण एकदा माझ्या हातानं तुझ्या गळ्यात घालणार मी. ओटी भरून, नीट."

"आई, अगं..."

"बारशाला येते की. तोवर हे सगळं संपेल. रांगेनं घालीन एकेक."

मी हळूच म्हटलं, "काकू, देऊन टाका ना."

"तू गप, इंग्लिश मिडियम," त्या म्हणाल्या, पण रागावून नाही.

 मृणालने फ्रेम छातीशी धरली आणि आम्ही गाडीकडे वळलो. परतताना काकू बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. हायवेवर आल्यावर म्हणाल्या, "चुकलं काय गं माझं?"

मी म्हटलं, "परत जाऊया?" अमोलने आरशातून बघितलं. त्याने खरंच गाडी वळवली असती.

"नको. बारशाला," काकू म्हणाल्या आणि डबा पर्समध्ये ठेवून चेन लावली.

पुढच्या महिन्यात भारतात जाणारं विमान मिळालं. काकूंची वाढवून मिळालेली राहण्याची मुदतही संपत आली होती. जाताना त्यांनी मला लाटणं दिलं. चमचे वाकवून त्याच्यावर खाचा पडल्या होत्या. "आता पोळी गोल होणार नाही यानं. पण तुझी तशीही होत नाही." बारसं फोनवर झालं. काकूंनी इचलकरंजीतून पाळणा म्हटला आणि दोनदा आवाज तुटला. पुन्हा यायचा व्हिसा मिळेना. दुसऱ्या लाटेत, उन्हाळ्यात, काकू गेल्या. अमोललाही वेळेवर पोचता आलं नाही.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मृणालने मला बोलावलं. तिच्या घरात पाऊल टाकताच मी भिंतीकडे बघितलं. चौकट दाराशेजारी होती, जाता-येता हात जाईल अशा ठिकाणी. चमचे चकचकीत पुसलेले. सगळे रिकामे, फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात सायकलची किल्ली लटकत होती.

"दागिने इचलकरंजीला लॉकरमध्ये आहेत," मृणाल म्हणाली. "अमोल आणेल कधीतरी. पण मी ते बघितलेच नाहीत नीट लहानपणापासून. कुठला कुठे लावायचा हे मला कुठे माहितीये?"

मला माहीत होतं. प्रत्येक चमचा बसवताना फ्रेम मी धरली होती. मी कुणासमोर एवढं सलग कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. वर मधोमध ठुशी. तिच्या डावीकडे चिंचपेटी, उजवीकडे बोरमाळ, ती लांब म्हणून तिच्याखाली जागा सोडलेली. या जाळीत कुड्या. हा आडवा वाकवलेला पाटल्यांचा. प्रत्येक नावाला मृणाल त्या त्या चमच्याला बोट लावत होती. तिच्या कडेवरच्या मुलीनेही एक-दोनदा हात लावला.

"आणि हा?" किल्लीचा चमचा.

"हा तुझा. तुझं तू काही घेशील म्हणून."

मृणालने किल्ली काढली. थोडा वेळ तळहातावर ठेवून उलटी-सुलटी करून बघितली आणि मग पुन्हा तिथेच अडकवली.